दोन डोळ्यांची म्हैस

जनतेच्या पैशातून मुलांसाठी एक देखणा चित्रपट बनतो, परदेशातली मुलं तो बघतात, आणि आपल्या देशातल्या चित्रपटगृहांत यायला त्याला जवळजवळ सहा वर्षं लागतात. याला मी दिरंगाई म्हणणार नाही. दिरंगाई रस्त्याच्या कामात होते. रस्ता सहा वर्षं उशिरा झाला तरी त्यावरून माणूस चालू शकतो. मुलांच्या बाबतीत ही सवलत नाही. २०१३ साली जी मुलगी आठ वर्षांची होती ती २०१९ साली चौदा वर्षांची झाली, आणि तिच्यासाठी बनवलेला चित्रपट बघायचं तिचं वय निघून गेलं. हे मुलांच्या ताटातला घास काढून घेणं आहे, आणि मी ते त्याच शब्दांत लिहिणार आहे.

चित्रपटाचं नाव ‘गोपी गवैया बाघा बजैया’. दिग्दर्शन शिल्पा रानडे यांचं. त्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाखेत शिकवतात. पटकथा सौमित्र रानडे यांची. निर्मितीत चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी, म्हणजे १९५५ साली नेहरूंच्या आग्रहातून उभी राहिलेली आणि तुमच्या-माझ्या करातून चाललेली संस्था. २०१३ साली टोरांटोच्या महोत्सवात तो दाखवला गेला. भारतातल्या चित्रपटगृहांत लागला १ मार्च २०१९ रोजी. आणि ज्या संस्थेने तो केला तिचं वेगळं अस्तित्वही आता उरलेलं नाही. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन आणि फिल्म अर्काइव्ह यांच्याबरोबर ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत विलीन झाली. मुलांच्या चित्रपटांसाठी देशात एक स्वतंत्र घर होतं, ते मोडलं, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्याबद्दल कुणी पोटतिडकीने लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

गोष्ट बंगालची. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात ती लिहिली. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ साली तिच्यावर चित्रपट काढला आणि तो बंगालमध्ये महिनोन्महिने चालला. गोपीला गाण्याचं वेड, पण गळा नाही. बाघाला वाजवायचं वेड, पण हात नाही. गाव दोघांना हाकलून देतं. रानात त्यांना भुतं भेटतात, आणि माणसांना नकोसं झालेलं हे गाणं-बजावणं भुतांना भलतंच आवडतं. भुतं खूश होऊन वर देतात: मागाल ते खायला-ल्यायला मिळेल, जादूचे जोडे घालून हवं तिथं पोचाल, आणि तुमचं संगीत जो ऐकेल तो जागच्या जागी खिळून राहील. या वरांच्या जोरावर ते दोघे एक युद्ध थांबवतात. जगातल्या कुठल्याही पोराला कळेल अशी गोष्ट आहे.

मी तो पुण्याला जाऊन बघितला. आमच्या करमाळ्यात तो लागला नाही. लागावा म्हणून मी आधी दोन कचेऱ्यांना पत्रं लिहिली होती. शाळेचं सभागृह आहे, पडदा आहे, चारशे पोरं आहेत, जे काय भाडं होईल ते आम्ही गोळा करू, असं स्पष्ट लिहिलं होतं. एका कचेरीतून उत्तर आलं नाही. दुसऱ्या कचेरीत मी महिनाभराने फोन केला तर पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, “करमाळा कुठं आलं?” मी सांगितलं, सोलापूर जिल्हा. ते म्हणाले, “मग तिथं हे कोण बघणार?” हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

शेवटी भाचीच्या मुलाला बरोबर घेतलं, जेऊर स्टेशनवर गाडी धरली आणि पुण्याला गेलो. सकाळचा एकच खेळ होता. तिकीट काढायला उभे होतो तर आमच्या पुढे एक चौकोनी कुटुंब, चांगल्या घरातलं, दोन लहान मुली. त्यातल्या धाकटीने पोस्टरकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, “ते नको गं, काहीतरी गावठी दिसतंय,” आणि चौघं दुसऱ्या चित्रपटाला गेली. आत आम्ही धरून अकरा माणसं होतो.

गावठी! हाच शब्द आपल्याला एरवी किती गोड लागतो. गावठी कोंबडीला आपण दुप्पट पैसे मोजतो. गावठी अंडी मिळतात म्हणून वाट वाकडी करून जातो. गावठी तूप, गावठी लसूण, गावठी बोरं. पण चित्र गावठी दिसलं की आपल्याला त्याची लाज वाटते, मुलीचं बोट धरून आपण तिला तिथून दूर नेतो. जिभेला जे गावाकडचं चालतं ते डोळ्याला का चालत नाही? मुलीला ते पोस्टर आवडलं होतं. आवडू नये हे तिला त्या क्षणी शिकवलं गेलं.

आता त्या पडद्यावर काय होतं ते सांगतो, कारण माझा सगळा राग त्यासाठी आहे.

या चित्रपटातली माणसं सपाट आहेत. त्यांना फुगवलेली गोलाई नाही, प्लॅस्टिकची चकाकी नाही, गालावर उजेडाचा ठिपका नाही. रंगाला पोत आहे, कापडाला असावा तसा. हातपाय सांध्याला दोऱ्याने बांधल्यासारखे हलतात. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्याने एकदा बघितलाय त्याला ती चाल ओळखू येते. आणि आकृत्या सपाट आहेत म्हणूनच भुतं भूत वाटतात. गोल गुळगुळीत भुताला वजन येतं, हाडं येतात, ते वेश बदललेल्या माणसासारखं दिसू लागतं. सपाट भूत मात्र सावलीसारखं कुठूनही येऊ शकतं, कुठेही शिरू शकतं. भाचीच्या मुलाने माझा हात धरला तो भीतीने, आणि दुसऱ्या क्षणी तो हसत होता. एकाच वेळी भिववणं आणि हसवणं सगळ्यांत अवघड आहे, पोरांसाठी काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

गोलाईदार आकृती कॉम्प्युटरवर एकदा घडवली की ती हव्या त्या बाजूने फिरवून दाखवता येते, त्याच आकृतीवर शेकडो भाग काढता येतात. म्हणून टीव्हीवरच्या मालिकांचे अनेक कारखाने तीच वापरतात आणि म्हणून त्यांच्या मालिका सारख्या दिसतात. सपाट चित्रात लपायला जागा नसते. रेष कुठे जाड व्हायची, रंग कुठे थांबायचा, झाडामागचं आभाळ किती मोकळं ठेवायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. सेकंदाला चोवीस चौकटी धरा. जेमतेम ऐंशी मिनिटांच्या चित्रपटालाही लाखाच्या वर चौकटी होतात. त्यांतल्या प्रत्येकीवर कुणाची तरी नजर फिरलेली आहे, आणि ही मेहनत बघायला पुण्यासारख्या शहरात त्या सकाळी अकरा माणसं होती.

सपाट, चपट्या, एका बाजूने काढलेल्या आकृत्या ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे का? कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाच्या कलावंतांनी चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत सांगणारा एकेक चित्र उचलून समोर धरतो, गातो, रामायण-महाभारतातली कथा पुढे नेतो आणि पुढचं चित्र उचलतो. मोठाले डोळे, बाजूने काढलेले चेहरे, मागे मोकळा कागद. त्या धाटणीची जुनी चित्रं पुण्यात राजा केळकर संग्रहालयात आहेत. मला तर गोपी-बाघा बघताना वाटलं, की ही चित्रं हातातल्या हातात हलू लागली असती तर अशीच चालली असती. त्या आईला जे गावठी दिसलं ते आपल्या आज्या-पणज्यांचं बघणं होतं.

पण त्या आईला मी एकटीला दोष देणार नाही. आपल्या चित्रकलेच्या तासांनीच ही नजर घडवली आहे, आणि तो तास मी एकतीस वर्षं घेतला आहे.

उजनी धरणाच्या काठच्या एका वाडीवरून एक पोरगा माझ्या वर्गात यायचा. सहावीत असेल. ‘माझा आवडता प्राणी’ म्हणून त्याने म्हैस काढली. बाजूने काढलेली म्हैस, आणि तिच्या तोंडावर एकाच बाजूला दोन डोळे. मी त्याला सांगितलं, बाजूने बघितलं की एकच डोळा दिसतो, दुसरा खोड. तो म्हणाला, “आवं सर, एक डोळा काढला तर म्हस काणी व्हतीय की.” वर्ग हसला. मी त्याच्या हातातलं खोडरबर घेतलं आणि स्वतः तो डोळा खोडला.

त्याचं बरोबर होतं. गुजरातेतल्या जुन्या जैन पोथ्या उघडा. माणसाचा चेहरा बाजूने काढलेला आणि पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर काढून दाखवलेला. शेकडो वर्षं चित्रकारांनी असेच डोळे काढले, कारण त्यांनाही माणूस काणा दाखवायचा नव्हता. हे मला तेव्हा माहीत होतं. पदविकेच्या परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती. तरीही मी तो डोळा खोडला, कारण समोर चित्रकलेच्या एलिमेंट्री-इंटरमीजिएट परीक्षा होत्या आणि तिथे दोन डोळ्यांच्या म्हशीला गुण मिळाले नसते. तो पोरगा त्यानंतर मागच्या बाकावर बसू लागला. मी केलेली ही चूक आहे आणि मी ती इथे नोंदवतो, कारण गोपी-बाघासारखा चित्रपट त्या वर्षी त्या पोराने बघितला असता तर माझ्या तोंडावर मला खोटं पाडायला त्याला एक साक्षीदार मिळाला असता.

अशा चित्रपटांचं मुलांना हेच देणं असतं. जग एकाच तऱ्हेने दिसतं हा समज ते मोडतात. टीव्हीवर ‘छोटा भीम’ आणि ‘डोरेमॉन’ सकाळ-संध्याकाळ चालू असतात, पोरं जेवताना बघतात, आणि मग चित्र काढ म्हटलं की चाळीसपैकी तीस पोरं तोच गोल चेहरा आणि तेच गोल डोळे काढतात. मी या मालिका बंद करा म्हणत नाही. पण रोज एकच भाजी वाढायची आणि पोराला दुसरं काही आवडतच नाही अशी तक्रार करायची, हा अन्याय आहे.

आणि तो शब्द, ‘कार्टून’. आपल्याकडे हाताने काढलेलं चित्र पडद्यावर हललं की त्याला एवढाच शब्द. त्याच शब्दाने आपण वर्गातल्या वेंधळ्या पोराला हाक मारतो. पोराला गप्प बसवायचं असलं की “लाव त्याला कार्टून.” गड्यांनो, ही कला आहे, आणि मराठी माणसाने या देशात तिचा पाया घातला आहे. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला, ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपली आणि रोप पडद्यावर भराभर वाढताना दाखवलं. त्या छोट्याशा फितीच्या जोरावर त्यांनी भांडवल उभं केलं आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. पुढे १९१५च्या सुमारास त्यांनी आगपेटीतल्या काड्या तसूतसूने हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. म्हणजे उपेंद्रकिशोर बंगालमध्ये गोपी-बाघाची गोष्ट लिहीत होते त्याच सुमाराला आपला माणूस काड्यांना नाचवत होता. प्रभातने १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचा व्यंगपट काढला. विजया मुळे यांनी १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ केला, भीमसेन यांनी त्याला चित्रं दिली, आणि दूरदर्शनच्या काळातली सगळी पिढी तो बघत मोठी झाली. तो करणारी बाई मराठी होती हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. जे.जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ २००६ साली कानला गौरवला गेला, आणि चौकटीमागून चौकट रंगवलेला त्यांचा ‘बॉम्बे रोज’ २०१९ साली व्हेनिसला पोचला. तोही इथल्या पोरांपर्यंत, मोठ्यांपर्यंत आला तो मोबाइलच्या काचेवरच, २०२१ साली.

मोबाइलचं उत्तर मला अनेकांनी दिलं. “सर, सगळं मिळतं आता फोनवर, कशाला थेटर पाहिजे?” अहो, विटेएवढ्या काचेवर पोत दिसत नाही. रेषेची जाडी दिसत नाही. ओसाड रानात दोन बारकी माणसं उभी आहेत हे चित्र तळहातावर बघितलं की रान उरत नाही आणि माणसंही दिसत नाहीत. शिवाय भूत बघताना शेजारच्या पोराने ओरडायला हवं. तो ओरडला की आपण ओरडतो आणि मग सगळे मिळून हसतो. हे फोनवर होत नाही.

आमच्या लहानपणी होत होतं. शाळेतून रांगेने टॉकीजला नेत. घरून पन्नास पैसे आणायचे, ज्याच्याकडे नसतील त्याचे बाई स्वतः भरत. पडदा जुनाट, पंखे गरगर वाजणारे, खुर्च्यांत ढेकूण. पण सरकारचा बालचित्रपट तालुक्याच्या गावापर्यंत येत होता. म्हणजे हे आपल्याला जमत होतं! पन्नास वर्षांपूर्वी, फिल्मच्या जड पेट्या एसटीच्या टपावर टाकून, जमत होतं. आता चित्रपट खिशात मावेल एवढ्या वस्तूत येतो तर तो पोचवायला माणूस मिळत नाही.

फ्रान्समध्ये १९९४ पासून शाळांची एक योजना चालते. शाळेच्या वेळात शिक्षक मुलांना गावातल्या खऱ्याखुऱ्या चित्रपटगृहात नेतात, आणि मग वर्गात त्यावर बोलणं होतं, चित्रं निघतात. अशा देशात १९९८ साली मिशेल ओसेलो यांचा ‘किरीकू’ आला, पश्चिम आफ्रिकेतल्या लोककथेवरचा, एका उघड्या नागड्या इवल्याशा पोराचा, सपाट रंगांतला. दहा लाखांहून जास्त लोकांनी तो चित्रपटगृहात जाऊन बघितला. तिथली मुलं आपल्या मुलांहून शहाणी आहेत असं कुणाला म्हणायचं आहे काय?

आणि आयर्लंड. २०११च्या जनगणनेत तो देश सेहेचाळीस लाखांच्या आसपास होता. त्याच वर्षी आपला सोलापूर जिल्हा त्रेचाळीस लाखांचा. म्हणजे जवळपास आपल्या एका जिल्ह्याएवढा देश. तिथल्या किल्केनी नावाच्या गावात कार्टून सलून हा स्टुडिओ आहे. त्यांनी २००९ साली ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ केला. बाराशे वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखित पोथीतली नक्षी, तिच्यातली वळणं, तिच्यातला सपाटपणा घेऊन अख्खा चित्रपट रचला. ऑस्करचं नामांकन मिळालं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच स्टुडिओने २०१४ साली ‘साँग ऑफ द सी’ केला, २०२० साली ‘वुल्फवॉकर्स’ केला, आणि दोन्ही पुन्हा नामांकनात. पहिला बघितला गेला म्हणून दुसरा झाला, दुसऱ्यावर पोट भरलं म्हणून तिसरा झाला, आणि या काळात तिथे त्या धाटणीत काम करणारे हात तयार झाले. आपल्याकडे पहिलाच सहा वर्षं वाट बघत बसला. मग त्या धाटणीत दुसरा काढायला पैसे कोण लावील? चित्रकला शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईत जातो आणि परदेशी चित्रपटांच्या चौकटींतल्या तारा पुसायचं काम रात्रपाळीत करतो. तो मुलगा नालायक नव्हता. त्याला करायला आपण आपलं काही ठेवलं नाही.

२०२५च्या मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ नावाची मोठी परिषद भरली. अ‍ॅनिमेशन, गेमिंग, गुंतवणूक, रोजगार. भाषणं मी मन लावून वाचली. उद्योग वाढावा, पोरांना नोकऱ्या मिळाव्यात, माझा पूर्ण पाठिंबा. पण जे बनलं आहे ते इथल्या मुलांना कोण दाखवणार, कुठे दाखवणार, शाळेच्या वर्षातल्या कुठल्या दिवशी दाखवणार, याबद्दल मला त्यात एक ओळ सापडली नाही. ज्या देशातलं पोर स्वतःच्या मातीतलं चालतं चित्र बघतच नाही तो देश फार तर दुसऱ्यांची चित्रं रंगवून देईल.

“तिथं हे कोण बघणार?”

करमाळा तालुका काय बघतो ते सांगतो. जेऊर, जिथे मी ती गाडी धरली, ते नागराज मंजुळे यांचं गाव. ‘सैराट’ याच तालुक्यात चित्रित झाला आणि २०१६ साली मराठी चित्रपटाने पहिल्यांदा शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. त्याआधी या मातीतली भाषा, हे चेहरे, ही बाभळीची झाडं पडद्यावर कोण बघणार, असंच विचारत होते. महाराष्ट्राने बघितलं, आणि मग आमच्या वावरांत, विहिरींवर फोटो काढायला गाड्या भरभरून माणसं आली. डोळा इथे आहेच. त्याच्यापुढे काही आणून ठेवण्याची दानत पाहिजे.

आणि पोरांना अद्भुत कळत नाही म्हणता? श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीचं देऊळ आहे, त्याची शहाण्णव पायऱ्यांची बारव आहे. पोरं त्या पायऱ्या मोजत खाली उतरतात आणि दर वेळी आकडा वेगळा येतो म्हणून भांडतात. नवरात्रात संबळ वाजू लागला की गोंधळी रात्रभर कथा लावतो आणि पोरं गोधडीत बसून ऐकतात. पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, ते पोरं समोर उभी राहून बघतात. उजनीचं पाणी १९८० साली भरलं आणि गावंच्या गावं खाली गेली. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ कडक उन्हाळ्यात पाण्यातून वर येतं, पावसाळ्यात परत बुडतं. आमच्या काठच्या वाड्यांवरची आजी अजून बोट करून सांगते, तिथं खाली आपली चूल होती. पाण्याखाली आजीची चूल आहे हे ज्या पोराला रोज माहीत आहे, त्याला भुतांनी दिलेले जोडे समजावून सांगावे लागतील?

माझी मागणी साधी आहे. जनतेच्या पैशाने बनलेला मुलांचा प्रत्येक चित्रपट वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्याच्या गावी मोठ्या पडद्यावर, शाळेच्या वेळात, मुलांना दाखवला पाहिजे. मराठी मुलांना मराठी आवाजात. ज्यांच्या कपाटात त्या फिती आहेत त्यांनी त्या बाहेर काढाव्यात. त्या त्यांच्या मालकीच्या नाहीत. आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना सांगणं आहे, की चित्रपट दाखवून झाल्यावर “यातून काय बोध घेतलात” हा प्रश्न विचारू नका. पोरांना कागद द्या आणि वर्गातून बाहेर जा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गल्लीतल्या पोरांना जुन्या लग्नपत्रिका आणि कात्र्या दिल्या. प्राणी कापा, पाय वेगळे कापा, सांध्याला दोरा ओवा. धुवट धोतर दारात बांधलं, मागे साठचा बल्ब. आठ-दहा पोरं होती. शेजारच्या मुलीने वाघ कापला आणि त्याला पाच पाय लावले. मी विचारलं, पाचवा कशाला गं? “पळतोय न्हवं तो,” ती म्हणाली. तिने दोरा ओढला. पाचही पाय धोतरावर हलले आणि वाघ खरंच पळाला. मी काही बोललो नाही, तिला आणखी एक पत्रिका दिली.

तिला मला गोपी-बाघा दाखवायचा आहे. अंधारात, मोठ्या पडद्यावर, शेजारी ओरडणाऱ्या चारशे पोरांत बसवून. ती आत्ता आठ वर्षांची आहे.